पाऊल पडेल ते पुढेच

ता. २ मार्च

प्रिय धाकट्या,
अ. उ. आ.

तुझं पत्र नाही म्हणजे तू खुशाल आहेस, असं मी धरून चालते. आबांची तब्येत ठणठणीत आहे, त्यामुळे बाकीच्यांची बरी नाही. भाषणाचा दिवस जवळ आला की त्यांना चेव चढतो, हे तुला सांगायला नको. काल दूधवाला पायरीवरून एक पाऊल मागे सरकला, तर आबांनी काठी त्याच्या नडगीवर हाणली आणि भाषणातलं ते वाक्य ऐकवलं: पाऊल पडेल ते पुढेच! दूध सांडलं, रक्तही सांडलं, पुसायला मी होतेच.

युद्धात खंदकात बसून रेडिओवर एकदा ऐकलेलं भाषण माणसाला इतकं कसं चिकटतं, देव जाणे. आपल्याला तर ते छडीनेच चिकटवलं. एका चुकलेल्या शब्दाला एक छडी. दुसरा परिच्छेद तुझ्या पाठीवर अजून वाचता येत असेल.

आता मुद्द्याचं. तुमच्या कारखान्याच्या गेटावर बंदोबस्ताला ह्यांची तुकडी निघाली आहे. तू संपाचा पुढारी, हे तुकडीचे हवालदार. माझं माहेर गेटाच्या एका बाजूला आणि सासर दुसऱ्या बाजूला. मला तुमचा संप कळत नाही, सरकार त्याहून कळत नाही. मागणं एकच आहे. तुम्ही दोघांनी एकमेकांवर हात टाकायचा नाही. ह्यांनी तुला सायकल शिकवली, आणि शिकवताना एकदाही मारलं नाही. आपल्या घरात असं करणारा तो पहिला माणूस.

ह्यांच्याकडून वदवून घेतलं आहे. तूही लिहून कळव.

तुझी
ताई
(लोभ आहेच, तो वाढवायला मात्र पत्र लिहावं लागतं.)

ता. ७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहून देतो : दाजींवर हात टाकणार नाही. झालं समाधान?

संप कळत नाही म्हणतेस, म्हणून सांगतो. पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या तोंडाशी लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. जाळी लावली की काम हळू होतं, म्हणून मॅनेजरने जाळ्या काढल्या. माझ्या शेजारच्या प्रेसवर आम्ही ज्याला मामा म्हणतो तो असतो. मागच्या महिन्यात त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. कापला नाही गं, पत्र्यासारखा चपटा झाला. फोरमन धावत आला आणि त्याने आधी पत्रा वाया गेला का ते पाहिलं. मग मामाला म्हणाला की युद्धात लोकांनी यापेक्षा जास्त दिलं, भाषण आठव. आम्हाला भाषण आठवलं, पण वेगळ्या जागी. त्या फोरमनचे दोन दात आमच्यापैकी कुणाकडे तरी आहेत.

गंमत अशी की ते वाक्य आमच्या फलकावर आहे, मॅनेजरच्या केबिनच्या दारावर आहे आणि पोलिसांच्या गाडीवरही आहे. परवा बदली कामगारांचा ट्रक आम्ही उलटवला, तेव्हा उलटवणारे तेच ओरडत होते आणि आत चेंगरणारेही तेच.

दाजी चहाच्या दुकानात भेटले. चहाचे पैसे त्यांनीच दिले, सरकारी दिसत होते. भाषणाच्या दिवशी दुपारी मॅनेजर दरवर्षीप्रमाणे गेटावर कर्णा लावून तबकडी वाजवणार. ऐकायला तर सगळ्यांनाच उभं राहावं लागेल, त्यांनाही आणि आम्हालाही. म्हणून आम्ही रस्त्यावर खडूने दोन रेघा मारून घेतल्या. आमची ओळ एका रेघेवर, त्यांची दुसरीवर. ‘पुढेच!’ला सगळे पाऊल टाकणार, हे दोघांच्याही लक्षात होतं. शाळेत घोट्यावर पट्टी खाऊन शिकलोय, चुकेल कसं? ते एकेक पाऊल धरूनही मध्ये बैलगाडी वळेल एवढी जागा उरते. दाजींनी स्वतः चालून पाहिली. ऐकायचं, पाऊल टाकायचं, घोषणा द्यायची आणि घरी जायचं, असं ठरलं.

आबांना नमस्कार सांग, पण जरा लांबून.

तुझा
धाकटा

ता. ११ मार्च

प्रिय धाकट्या,
अ. उ. आ.

रेघा मारल्या हे बरं केलंत. ह्यांनी आयुष्यात मारलेल्या गोष्टींत ही पहिलीच, जिच्यामुळे कुणी विव्हळलं नाही.

आबांना सांगितलं तर म्हणाले, दोघंही नेभळट. भाषण ऐकून जो पुढे जात नाही तो माझा मुलगा नाही आणि जावईही नाही. मी म्हटलं, मग तुम्हाला कुणीच नाही, जेवून घ्या. त्यांनी ताट भिंतीवर फेकलं. नेम अजून चांगला आहे.

डोक्याला फडकं बांधून जा, ऊन असेल. उन्हासाठीच म्हणतेय.

तुझी
ताई

ता. १६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून जाळ. आधी शेवटपर्यंत वाच, मग काय हवं ते म्हण.

भाषण सुरू झालं. तुला ठाऊक आहे, ते चालू असताना कुणी हलायचं नसतं. मॅनेजर छातीवर हात ठेवून उभा. तबकडी लावणारा कारकून कर्ण्याशेजारी ताठ उभा. समोर पहिल्या ओळीत दाजी. आमच्या पहिल्या ओळीत मी आणि माझ्या डाव्या अंगाला मामा, थोट्या हाताने फलकाचा बांबू काखेत धरून. वाक्य आलं. सगळ्यांनी पाऊल टाकलं. दाजींनी मला डोळ्यांनीच सांगितलं की झालं, सुटलो.

तेवढ्यात तबकडी अडकली.

पडेल ते पुढेच! पुन्हा पडेल ते पुढेच! दर वर्षी तीच तबकडी, त्याच जागी झिजलेली. सुई उचलायला कारकुनाने हलायला हवं, आणि भाषण चालू असताना तो हलेल कसा? मॅनेजरचे डोळे मिटलेले. दुसऱ्यांदा वाक्य आलं तेव्हा माझा पाय मी उचलला नाही गं, तो उचलला गेला. त्यांच्याही ओळीचे उचलले गेले. कुणी हसलंसुद्धा. मग पुन्हा. मग हसणं थांबलं. माझ्या मागे आठशे माणसं आणि दाजींच्या मागे दोन गाड्या शिपाई, आणि त्या यंत्राच्या तालावर आम्ही एकमेकांकडे चालत होतो. दाजी ओरडले, थांबा! कर्ण्यापुढे कुणाला ऐकू जाणार?

भिडलो तेव्हा पहिली काठी कुणाची, ते कुणालाच माहीत नाही. मामाला काठी अडवायला उजवा हात नव्हता. त्याची कवटी माझ्या खांद्यापाशी फुटली आणि जे उडालं ते माझ्या तोंडात गेलं. त्यानंतर माझ्या हातात पाना होता. तो मी घरून आणला होता. का आणला होता ते विचारू नकोस.

दाजींनी मला पाहिलं. त्यांनी काठी खाली टाकली आणि ते मागे सरले. दोन्ही बाजूंत मागे सरलेला तो एकच माणूस, ताई. त्यांच्याच मागच्या ओळीने त्यांना ढकलून पुन्हा पुढे दिलं. माझा पाना निघाला होता. थांबवता आला असता असं मी म्हणणार नाही, आला नसता असंही म्हणवत नाही. जबड्याचा आवाज मी ऐकला.

नंतर गोळीबार झाला तेव्हा कर्णा फुटला आणि मग कुठे भाषण थांबलं. आमचे पाच गेले. त्यांचा एक शिपाई पायांखाली गेला, त्याचा चेहरा उरला नाही. पेपरात आलं आहे की दोन्ही बाजूंनी भाषणाचा वारसा जपला. जाळ्या अजून लावलेल्या नाहीत.

दाजी जिवंत आहेत ना, एवढंच कळव. नातं ठेवायचं की नाही ते तू ठरव.

धाकटा

ता. ३० मार्च

धाकट्या,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, तो तेवढा बाकी ठेव.

जिवंत आहेत. जबडा तारेने बांधला आहे, नळीने पेज घेतात. चौकशीला साहेब घरी आले होते. पाना कुणाचा, हे विचारलं. ह्यांनी पाटीवर लिहिलं, धूळ होती. मग साहेबांनी विचारलं की भाषणाच्या दिवशी गणवेशात मागे का सरलात. ह्यांनी लिहिलं, मेहुणा होता. त्यावर निलंबन झालं. पाना चालला असता, मागे सरणं चाललं नाही.

साहेब गेल्यावर आबा उठले. मागे सरणारा माणूस या घरात नको म्हणाले आणि ह्यांच्या बांधलेल्या तोंडावर काठी उगारली. मी मनगट धरलं. ते सोडेनात, मग मी पिळलं, आणि ते मोडलं. मोडेपर्यंत मला थांबावंसं वाटलं नाही, हे तुलाच लिहिते, कारण आता तुलाच समजेल. आबांना मीच भरवते. ते मुकाट्याने खातात आणि मी चमचा जवळ नेला की डोळे मिटतात.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं आणि मग जाळलं.  काल ह्यांनी पाटीवर लिहिलं, त्याला बोलव. मी विचारलं, कशाला? तर लिहिलं की जबडा जुळला, अंगात जोर आला, की त्याच्या तोंडावर एक ठोसा मारायचा आहे, पूर्ण ताकदीने. मी म्हटलं, आणि मग? ह्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं : मग जेवायला बसू.

मी हो म्हणून टाकलं आहे. तेव्हा ये. पाना घरी ठेव, आणि ठोसा बसेल तेव्हा उभा राहा.

ताई