टाळीवर तुटलेला दम

निकिताच्या मायले,

कळंबची फायनल आपण हरलो, हे तू डोळ्यांनीच पाह्यलं. बायकांच्या रांगेत पुढेच बसली होती.

निकिताच्या साखरपुड्यात मी माइक घेऊन पाहुण्यांच्या आधी माह्या कबड्डी टीमची ओळख करून देली, म्हणून तू माहेरी गेली. गलती माहीच. पण पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रा चालवला. माइक दिसला का हात आपोआप जाते.

फायनलमध्ये आपला गोपाल लंगडला, तं मालक असून मीच चड्डी घालून शेवटच्या चढाईले गेलो. अव, बावन्नाव्या वर्षी तिघांले हात लावला! मधली रेषा हातभर राह्यली होती. तेवढ्यात टाळ्या पडल्या, अन् मी ‘कबड्डी कबड्डी’ सोडून कमरेत वाकून म्हणलो, ‘धन्यवाद, रसिक मायबाप!’ दम तुटला. मी बाद, टीम बाद.

पोरं विचारून राह्यले, ‘‘मालक, टाळ्या तं रोजच पडतात, आजच काहून थांबले?’’ मी गुडघ्याचं नाव सांगतलं.

हे पत्र खिशातच ठेवतो. टीमले समजलं तं हरल्याचं खापर तुह्यावर फोडतीन. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तू माह्यासाठी टाळी वाजवली होती.

तुहाच,
दिवाकर ऑर्केस्ट्रावाला, उमरखेड