कॉलरवरचा रिमोट

हिरोसाकी, २४ जानेवारी १९९९

चि. चिहारू हिस तोयोआत्याचे अ. आ.

तुझ्या तोक्योत म्हणे थंडी पडली आहे. इथे बर्फ शिडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं आहे, आणि आम्ही त्याला अजून थंडी म्हणायला लागलेलो नाही. सफरचंदाच्या झाडांची छाटणी सुरू झाली. तुझे आतोबा एका झाडावर, मी शेजारच्या.

एक काम आहे. आमच्या महिला गायनमंडळाचा कार्यक्रम तीन मेला आहे. गेल्या वर्षी दुसऱ्या कडव्यात मी खालचा सूर सोडून वरच्या सुरात घसरले, ते तुला ठाऊकच आहे. पुढच्या रांगेतल्या बायका मागे वळून बघायला लागल्या होत्या. आमचं गाणं बसवणारे नारिता मास्तर पोस्टातून निवृत्त झाले, पण शिक्का मारायची सवय गेली नाही. यंदा पुन्हा घसरलात तर तोयोबाई, तुम्ही पाहुण्यांच्या चहाचं बघा, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. बावीस वर्षं गाते आहे मी!

त्यांनी माझा सूर एका छोट्या डिस्कवर भरून दिला आहे. तुझा आतेभाऊ हिदेओ सप्पोरोला जाताना त्याचा प्लेयर इथेच ठेवून गेला, त्यावर तो वाजतो. पण इअरफोनच्या वायरमध्ये बसणारा रिमोट शिडीच्या पायाखाली चिरडला. आता एक ओळ पुन्हा ऐकायची तर दातांनी हातमोजा काढा, दोन कोट उघडा, आतल्या खिशातलं बटण शोधा. दोनदा करवत खाली पडली. तिसऱ्यांदा ती आतोबांच्या अगदी जवळ पडली. तुझ्या ऑफिसपासून अकिहाबाराचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार एकच स्टेशन आहे ना? तेवढा एक रिमोट बघ.

थंडीत छाती झाकून फिर, आणि आत्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
तोयोआत्या

---

तोक्यो, ३१ जानेवारी

ती. तोयोआत्यास चिहारूचा सा. न. वि. वि.

सोबतच्या खोक्यात रिमोट आहे. अख्खा शनिवार घालवला. नव्वद तऱ्हा असतील, आणि प्रत्येक तऱ्हेचा विक्रेता तीच सगळ्यात चांगली म्हणतो. शेवटी सगळ्यांत देखणा घेतला. चंदेरी, बोटाएवढा बारीक, आणि त्यावरच्या पट्टीत निळ्या उजेडात गाण्याचं नाव उमटतं. आमच्या ऑफिसातल्या मुली बघून जळल्या. कोटाच्या कॉलरला चिमट्याने लाव आणि गा. नारिता मास्तरांनाच चहा करायला लाव.

आतोबांना नमस्कार. करवत जपून. तुझ्या पत्राची वाट पोस्टमनपेक्षा मीच जास्त बघते, हे लक्षात असू दे.

तुझी
चिहारू

---

हिरोसाकी, ७ फेब्रुवारी

चि. चिहारू हिस अ. आ.

खोकं पोचलं. काय तो कागद, काय ती फीत! फीत मी इस्त्री करून ठेवली आहे. रिमोट फारच सुरेख. डब्यावरच्या चित्रात तो निळा उजेड किती शोभून दिसतो! मी रोज कॉलरला लावते. शेजारच्या सोमाबाईंनी दोनदा थांबून विचारलं, की हे काय नवीन. भाचीने तोक्योहून पाठवलं, असं मी सांगितलं. इतका खर्च का केलास गं?

सफरचंदांची एक पेटी पाठवली आहे. वरची लगेच खा, खालची आठवडाभर टिकतील. बाकी सगळं ठीक. छाटणी जरा मागे पडली आहे इतकंच.

अशीच आठवण ठेव.

तुझी
तोयोआत्या

---

हिरोसाकी, ९ फेब्रुवारी

चि. चिहारूस साकुझो आतोबांचा आशीर्वाद.

मी पत्र लिहिणारा माणूस नव्हे, तरी कार्ड घेतलं यावरून काय ते समज. तुझा रिमोट प्लेयरमध्ये जात नाही. टोकाचा आकारच वेगळा आहे. तुझी आत्या तो कॉलरला मेडलसारखा लावते, वायरचं दुसरं टोक रिकाम्या खिशात सोडते आणि झाडावर चढते. मी म्हटलं, पोरीला कळव. तर म्हणे, एवढ्या प्रेमाने दिलेली वस्तू चालत नाही असं कोणत्या तोंडानं सांगायचं. करवत काल चौथ्यांदा पडली. मी आता एक झाड सोडून छाटतो.

हे कार्ड मी लिहिलं नाही.

आतोबा

---

तोक्यो, १४ फेब्रुवारी

ती. तोयोआत्यास सा. न. वि. वि.

सफरचंदं पोचली. गोड आहेत, तुझ्या पत्राहूनही. मी ते पुन्हा वाचलं. कागद, फीत, सोमाबाई, सगळ्यांना एकेक ओळ, आणि गाण्याचं नावच नाही. शिवाय निळा उजेड डब्यावरच्या चित्रात का बघावा लागतो गं? मला कोणी काही सांगितलेलं नाही. माझं मीच ओळखलं.

चूक माझी. मी डोळ्यांनी निवडला, तुझ्या हातांचा विचारच केला नाही. आता असं कर. सह्यांऐवजी शिक्का मारायची लाल शाई घरात असेलच. प्लेयरची ज्या बाजूला वायर लागते ती कड जरा शाईत टेकव आणि कागदावर उमटव. भोकांपाशी कागद कोरा राहील, त्यावरून आकार कळेल. आणि तुझा उजव्या हाताचा एक जुना हातमोजा पाठव. चंदेरी रिमोटही पाठव, दुकानदार महिनाअखेरपर्यंत परत घेतो.

या वेळी संकोच केलास तर मी स्वतः येऊन शिडी धरून उभी राहीन. माझ्यावरचा लोभ खरं बोलून दाखव.

तुझी
चिहारू

---

हिरोसाकी, १९ फेब्रुवारी

चि. चिहारू हिस अ. आ.

तोंड लपवायला जागा नाही. तुझ्या आतोबांच्या खिशात कार्ड घेतल्याची पोस्टाची पावती सापडली, तेव्हा तू कसं ओळखलंस तेही कळलं.

खाली ठसा आहे. पहिल्या वेळी शाई जास्त झाली. आतोबा म्हणाले, प्लेयरने घर गहाण टाकलंय असं दिसतं. दुसरा ठसा बरा आहे. हातमोजा धुतला आहे, पण राळेचा डाग जात नाही. चंदेरी रिमोट सापडला की पाठवते. नारिता मास्तरांनी परवा मला विचारलं, की पाहुण्यांना चहा हिरवा की भाजक्या पानांचा.

घाई कर, पण धावू नकोस. जीव तुझ्यात आहे.

तुझी
तोयोआत्या

---

तोक्यो, २७ फेब्रुवारी

ती. तोयोआत्यास सा. न. वि. वि.

या वेळी मोठ्या दुकानांत गेलेच नाही. रेल्वेपुलाखाली इशिगुरो म्हणून एका म्हाताऱ्यांचा गाळा आहे, जुन्या सुट्या भागांचा. त्यांनी तुझा लाल ठसा भिंगाखाली धरला आणि आधी विचारलं, की हा करार कुणाशी झाला. मग चार डबे उपसून त्या टोकाचे सात रिमोट माझ्यापुढे मांडले.

मी तुझा हातमोजा चढवला, डोळे मिटले आणि एकेक चाचपला. मागे रांग लागली. एकाने विचारलं, या बाई काय करताहेत. इशिगुरो म्हणाले, गप्प राहा, या सफरचंदाच्या झाडावर आहेत. बारीक बटणांचे पाच तिथेच बाद झाले. सहाव्याचं एक बटण दाबलं की तीन दाबली जायची. सातवा सोबत आहे. काळा, जाडा, ओरखडे पडलेला. उजेड नाही, नाव उमटत नाही. टोकाला एक गोल मूठ आहे. मागे पिळली की मागची ओळ, पुढे पिळली की पुढची, आणि दाबली की सुरू किंवा बंद. मास्तरांनी प्रत्येक ओळ वेगळी भरली असेल तर तुझं काम झालं. इशिगुरोंनी दोन सफरचंदं मागितली, मी पाच दिली.

दिसायला कुरूप आहे, तेवढं पोटात घाल. आणि चंदेरी रिमोट? उद्या शेवटची तारीख.

पत्रात या वेळी गाणंच लिही.

तुझी
चिहारू

---

हिरोसाकी, ५ मे

चि. चिहारू हिस तोयोआत्याचे अ. आ.

आधी गाणं. तुझा काळा रिमोट मार्चभर माझ्या कॉलरला होता. हातमोजा न काढता पिळायचा आणि गायचं. कान बंद असल्यामुळे मी किती मोठ्याने गाते ते मला कळत नसे, सोमाबाईंना कळे. छाटणी वेळेत आटोपली. करवत पुन्हा पडली नाही.

त्या चंदेरी रिमोटचं मात्र तुला सांगितलं नव्हतं. तो तुझ्या आतोबांनी ढापला होता. स्वतःच्या कॉलरला लावायचे. मी बोलत सुटले की गंभीर चेहऱ्याने बटण दाबायचे आणि म्हणायचे, बंद होत नाही, बिघडलेला दिसतो. आणि झाडावर मी एखादी ओळ चुकले की पलीकडून तेच बटण दाबून ओरडायचे, मागे घे! ऐकून ऐकून त्यांना माझा सूर माझ्याआधी पाठ झाला.

परवा कार्यक्रम झाला. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्याच्या तोंडाशी माझ्या डोक्यात सगळं पांढरं झालं, बर्फ पडल्यासारखं. शेजारणी गायला लागल्या, माझं तोंड उघडं, आवाज नाही. हात आपोआप कॉलरकडे गेला, पण मी किमोनोत होते. मास्तर माझ्याकडेच बघत होते. तेवढ्यात प्रेक्षकांच्या तिसऱ्या रांगेत लक्ष गेलं. दर वर्षी तिथे झोपणारा माणूस ताठ बसला होता, चांगल्या कोटाच्या कॉलरला तुझा चंदेरी रिमोट, वायर खाली लोंबते आहे. त्याने माझ्याकडे बघून अंगठ्याने बटण दाबलं.

मला हसू आलं, आणि हसण्याच्या श्वासावरच सूर लागला. माझा, खालचा. शेवटपर्यंत सुटला नाही. नंतर नारिता मास्तर चहा घेऊन आले. स्वतःच्या हाताने, माझ्यासाठी. भाजका होता.

तेव्हा दुकानदाराला सांग, तो रिमोट आता परत मिळणार नाही. आमच्याकडे व्यवस्थित चालतो.

बागेत कळ्या धरल्या आहेत. फुलं बघायला ये, आणि मायेने अशीच भांडत राहा.

तुझी
तोयोआत्या