ओढायला काही नसलेला हुक

रविवार, जेवणानंतर

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (हा या वेळी अक्षरशः घ्यावा. गेले तीन रविवार मी गाडीखाली आडवाच आहे. फक्त तोंड वरच्या बाजूला आहे, तेवढं समजून घे.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का? माझी तब्येत उजव्या हाताची दोन बोटं सोडली तर उत्तम आहे, आणि त्या बोटांचं काय झालं ते पुढे येईलच. तुझी भावजय मजेत आहे. म्हणजे मंगळवारपासून माझ्याशी बोलत नाही, पण बाकी मजेत आहे. फोन न करता पत्र का लिहितो असं तुला वाटेल. त्याचं असं आहे की फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो आणि मग एकाच वेळी फोन ठेवतो. आठ वर्षांत आपले दोन फोन झाले आणि दोन्हींचा शेवट तसाच झाला. पत्रात निदान तुला मध्येच बोलता येत नाही.

मागच्या महिन्यात भावोजींचं पत्र आलं. खुशाली लिहून झाल्यावर त्यांनी तळाशी लिहिलं होतं की अंगणातला गाडा पुढच्या महिनाअखेरीस भंगारवाल्याला द्यायचं ठरतंय, तिथे फुलझाडं लावायची आहेत. ते वाचून मला काहीही वाटलं नाही हे आधीच सांगून टाकतो. बाबा गेल्यावर वाटणीत गाडी माझ्याकडे आली आणि तिच्यामागे जोडायचा गाडा तुझ्याकडे गेला. तुझी वस्तू आहे, तू ती भंगारात दे नाहीतर तिच्यात कोथिंबीर पेर, मी विचारणारा कोण? या पत्राचा विषय वेगळाच आहे. मी आपल्या जुन्या व्हॅनला तीन नवे काटे बसवले, लांब दांड्यांचे आरसे बसवले आणि मागे टोचनाचा, म्हणजे काही जोडून ओढायचा, नवा हुक बसवला. भावोजींचं पत्र शुक्रवारी आलं आणि मी शनिवारी सकाळी हुक आणायला गेलो, हा निव्वळ योगायोग समजावा.

आधी काट्यांचं सांगतो. इंजिन किती तापलं हे दाखवणारा मूळ काटा माझ्या जन्माच्या आधीच मेला होता. बाबांनी तो कधी दुरुस्त केला नाही, कारण त्यांच्याकडे तू होतीस. गावोगाव दुकानांच्या पाट्या रंगवत फिरायचं, गाडीत आपण तिघं, मागच्या गाड्यात शिड्या, फळ्या आणि रंगाचे डबे. तू पुढच्या दोन सीटांच्या मध्ये, इंजिनाच्या झाकणावर तळवा ठेवून बसलेली. मी मागच्या काचेला नाक लावून, उलट्या तोंडाने. दर थोड्या वेळाने बाबा रस्त्यावरची नजर न काढता विचारायचे, ताप? तू सांगायचीस, कोमट. मग विचारायचे, गाडा? मी सांगायचो, आहे. चढावर तू ‘गरम’ म्हणालीस की ते वेग कमी करायचे आणि ‘कढत’ म्हणालीस की झाड बघून थांबायचे. शाळेत थर्मामीटर शिकवला तेव्हा मला मनापासून वाटलं होतं की ज्यांना ताई नसते त्यांच्यासाठी ही सोय केलेली आहे.

तर ती सोय मी विकत आणली. पाण्याच्या तापाचा एक काटा, तेलाच्या दाबाचा एक आणि बॅटरीचा एक, तिन्ही गोल, काळ्या चकतीवर पांढरे आकडे, दिसायला इतके देखणे की दोन दिवस मी ते जेवणाच्या टेबलावरच मांडून ठेवले होते. सोबत एक कागद होता. तो डॅशबोर्डावर चिकटवून आखलेल्या वर्तुळांवर भोकं पाडायची, इतकं सोपं काम. मी तीन सुबक भोकं पाडली. तिसऱ्या भोकातून ड्रिल काहीशा मऊ वस्तूत गेलं. डॅशबोर्डाच्या मागे कप्पा असतो आणि त्या कप्प्यात गाडीची कागदपत्रं असतात, हे मला माहीत होतं. नेमकं त्या क्षणी आठवलं नाही इतकंच. आता कोणी कागदपत्रं मागितली तर त्यांच्या मधून मागणाऱ्याचा चेहरा दिसतो. (त्यात बाबांच्या नावाचा जुना कागदही आहे. भोक नावाच्या वर पडलंय. नाव शाबूत आहे, काळजी करू नकोस.)

काटे बसले, पण त्यांचं एकमेकांशी पटेना. किल्ली फिरवली की तापाचा काटा एकदम लाल भागात जाऊन टेकायचा, इंजिन अजून घोरतसुद्धा नसताना. पहिल्या दिवशी माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी चार वेळा थांबलो, चार वेळा पुढचं झाकण उघडलं, बाटल्यांनी पाणी ओतलं. पाचव्या वेळी मला काय सुचलं कोण जाणे, मी इंजिनाच्या झाकणावर तळवा ठेवला. कोमट होतं. बराच वेळ मी तसाच बसून राहिलो. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. मग नाक्यावरच्या वायरवाल्या काकांकडे गेलो. (हे काका चष्मा कपाळावर ठेवून काम करतात आणि हिशेब करताना मात्र डोळ्यांवर घेतात.) त्यांनी पाहून सांगितलं की तापाच्या काट्यावर बॅटरी जोडलीय, बॅटरीच्या काट्यावर तेल, आणि तेलाचा काटा कशालाच जोडलेला नाही; तो जे दाखवतोय ते त्याचं स्वतःचं मत आहे.

आता हुकाबद्दल. जुना हुक गंजून आपोआप गळून पडला, हे मी तुला पूर्वीच कळवलं होतं. गाडा तुझ्याकडे पोचवायला आलो होतो त्यानंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. तो दिवस मी उगाळत बसणार नाही. तुझ्या गल्लीत गाडा मागे घेताना तुझी कुंपणाची भिंत मध्ये आली, एवढंच झालं. (भिंतीला पडलेली खोक अजून तशीच आहे असं भावोजी लिहितात. आठ वर्षांत गवंडी मिळाला नाही का?) मग तू सगळ्या गल्लीदेखत म्हणालीस, उतर, मी घेते. आणि घेतलास. एका दमात, एका हाताने, मान वळवून, अगदी बाबांसारखा. गाडा मागे घेताना चाक उलटं फिरवावं लागतं हे बाबांनी आपल्या दोघांना एकाच मैदानात, एकाच दुपारी शिकवलं होतं. तुला ते आलं, मला अजून येत नाही. मला राग भिंतीचा आला नव्हता. बाबांना जाऊन महिना झाला होता, आणि त्यांची मान तुझ्या खांद्यांवर दिसली, आणि गाडी मात्र माझ्या नावावर. मी चहासुद्धा न घेता निघालो, हे चुकलं.

तेव्हापासून गाडी अर्धी पाटी घेऊन हिंडते. बाबांनी दोन्हींच्या डाव्या अंगावर मिळून एकच ओळ रंगवली होती ना. ‘सर्व प्रकारच्या’ गाडीवर आणि ‘पाट्या रंगवून मिळतील’ गाड्यावर. त्यामुळे माझ्या गाडीवर आठ वर्षं नुसतंच ‘सर्व प्रकारच्या’. लोक थांबवून विचारतात, सर्व प्रकारच्या काय? एका बाईंनी तर दुरुस्त्या असं गृहीत धरून दारात शिलाई मशीन आणून ठेवलं. नाही म्हणणं जिवावर आलं म्हणून मी ते उघडलं. तेव्हापासून त्या हाताने शिवतात. तुझ्या अंगणात नुसतं ‘पाट्या रंगवून मिळतील’ वाचून कोणी येतं का? येत असेल तर तू काय सांगतेस?

हुकाचा गोळा जमिनीपासून किती उंच हवा हा प्रश्न आला. मला विचार करावा लागला नाही. बाबांची सगळी मापं आपल्या अंगावर घेतलेली असायची. शिडी ठेवायची जागा तुझ्या पसरलेल्या हातांच्या दोन वावा, डब्यांचं फळकूट माझ्या कमरेइतकं, आणि गोळा धाकट्याच्या गुडघ्याच्या वर चार बोटं. मी सरळ उभा राहिलो, गुडघ्याच्या वर चार बोटं मोजली, खूण केली, भोकं पाडली, नट आवळले. (याच वेळी ती दोन बोटं हुक आणि बंपर यांच्यामध्ये सापडली. मापाची चार बोटं शाबूत आहेत, ती डाव्या हाताची होती.) वायरवाल्या काकांनी पाहिलं आणि विचारलं, हा हुक नेमका काय ओढायला? उंट? मी म्हणालो, आमच्या बाबांचं माप आहे. त्यांनी विचारलं, तेव्हा तुमचं वय काय? मी म्हणालो, नऊ. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मंगळवारी तुझी भावजय डिकीतून पिशवी काढायला गेली आणि तो गोळा तिच्या मांडीला लागला, तेव्हा ती बोलली, आणि तेच तिचं शेवटचं बोलणं. नऊ वर्षांच्या पोराच्या गुडघ्याचं माप मी आजच्या गुडघ्यावर घेतलं, एवढीच माझी चूक, हे तिला पटवून देण्याचा प्रयत्न चालू आहे.

वायरिंगचं फार सांगत नाही. ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा, डावा इंडिकेटर दिला की वायपर मान हलवायचे. काकांनी तेही सरळ केलं. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि विचारलं, ओढायचं काय आहे? मी म्हणालो, काही नाही, असावा आपला एक. त्यांनी पैसे थोडे कमी लावले.

आता सगळं जागच्या जागी आहे. दोन्ही बाजूंना लांब दांड्यांचे आरसे आहेत (एकाने शेजाऱ्यांची कुंडी पाडली, ते वेगळं). ते खास मागचा गाडा दिसावा म्हणून असतात. मी परवा दूरवर फिरून आलो. दोन्ही आरशांत पूर्ण वेळ मोकळा रस्ता दिसत होता, आणि ताई, तो घाट आठवला. उतारावर खीळ निखळून गाडा सुटला होता आणि मी मागच्या काचेला डोकं टेकून झोपलो होतो. बाबांनी विचारलं, गाडा? मी झोपेतच म्हणालो, आहे. असं तीनदा झालं. पुढे गावात पोचून बाबा शिडी काढायला मागे गेले, तर मागे नुसती हवा. परत फिरून पाहिलं तर गाडा एका शेताच्या कडेला अगदी शहाण्यासारखा उभा होता, एकही डबा सांडला नव्हता. बाबांनी खाली उतरून पहिलंच विचारलं, मागे कोण बघत होतं? आणि तू म्हणालीस, उतारावर मीच वळून मागे बघत होते, तो नुसतं माझं ऐकून ‘आहे’ म्हणत होता. संध्याकाळपर्यंत बाबा तुझ्याशी बोलले नाहीत. आपण घरी आलो, मोठे झालो, तुझं लग्न झालं, बाबा गेले. मी तुझ्याशी त्याबद्दल एक शब्दही बोललो नाही. आज बोलतोय.

बाकी सर्व क्षेम. भावोजींना नमस्कार, तुझ्या गुडघ्याला शेक देत जा.

तुझा धाकटा,
मागच्या काचेजवळचा

ता. क. – एक लहानसं काम होतं. गाड्याच्या दांड्याचं टोक जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजून कळव. कोणाच्याही गुडघ्याने मोजू नकोस. आणि तोवर भंगारवाल्याला थोडं थांबायला सांग, म्हणजे मोजायला काहीतरी उरेल.

ता. क. दुसरा – पाकीट बंद करता करता वायरवाले काका येऊन सांगून गेले. नव्या हुकाला वर-खाली करायला भोकं असतात, एक नट काढला की पाहिजे तितका खाली येतो. तेव्हा मोजू नकोस. मोजायचं ते निमित्त होतं हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आणि जुना हुक गंजून पडला नव्हता. तुझ्याकडून आलो त्याच आठवड्यात मी तो करवतीने कापला. दोन दुपारी लागल्या आणि तीन पाती तुटली. बाबांनी बसवलेला होता. कापून झाल्यावर लगेच पस्तावलो. तो तुकडा माझ्या टेबलाच्या खणात आहे. गंज एक कणही नाही.

ता. क. तिसरा – पुढच्या रविवारी सकाळी येतो. गाडी तुझ्या गल्लीच्या तोंडाशी उभी करीन, कारण आत आणली तर गाडा जोडून मागे घेत बाहेर काढावी लागेल, आणि तुला दुसरी भिंत परवडणार नाही. तू ये आणि चालवायला बस. मी मागे जातो. काट्यांकडे बघू नकोस, त्यांच्यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही. झाकणावर हात ठेव. आणि मध्ये मध्ये नुसतं विचार, गाडा? या वेळी मी झोपणार नाही.