टेंबीवरचं छप्पर

६ एप्रिल
टेंबीवर पोचलो. चारी बाजूंनी धरणाचं पाणी, मधे हा उंचवटा. वारा छान आहे. आमच्या अनगोळच्या उकाड्यातून आल्यावर जत्रेला आल्यासारखं वाटलं. होडीवाला भावकू मला बघून म्हणाला, पोरगं लग्नाला निघाल्यागत इस्त्री करून आलंय की रं. महादेवदादा लई हसला. दादा माझा थोरला भाऊ. नववीत शाळा सुटल्यापासून मी घरीच होतो. दादानंच ठेकेदाराच्या नागेंद्र साहेबांकडे शब्द टाकून मला बरोबर घेतलं.

धरण बांधताना कामगारांसाठी इथं खोल्या काढल्या होत्या. माणसं गेली, छपरं राहिली. सिमेंटचे पत्रे आहेत, त्यांत ॲस्बेस्टॉस असतो. पत्रा फुटला की डोळ्याला न दिसणारे तंतू उडतात आणि छातीत जाऊन बसतात. म्हणून पत्रा आधी साबणाच्या पाण्यानं भिजवायचा, बोल्ट सोडवून अख्खा खाली घ्यायचा, जाड प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळायचा आणि सगळीकडून चिकटपट्टी लावायची. बांधलेला गठ्ठा पुन्हा उघडायचा नाही, हे साहेबांनी बजावून सांगितलं. शेवटी बार्ज, म्हणजे मोठी सपाट बोट येईल आणि साहेबांची माणसं सगळे गठ्ठे नेऊन खड्ड्यात पुरतील.

गुंडाळायचं काम माझ्याकडे आहे. मला ते जमतं.

८ एप्रिल
भावकूची आई मालुबाई होडीतून भाकरी आणि झुणका घेऊन आली. तिचे सासू-सासरे याच खोल्यांत राहायचे. दोघंही धापेनं गेली. ती म्हणाली, छपरानं दम वढून घेटला त्येंचा. दादा म्हणाला, मग मावशी, आता छपराचंच गाठोडं बांधतो बघ. ती हसली नाही. पदर तोंडावर धरून होडीत जाऊन बसली.

दादाची एक गोष्ट मला आवडत नाही. निपाणीचा तंबाखू त्याला सुटत नाही. घटकाभर झालं की मास्क गळ्यात ओढतो, हातमोजा काढतो आणि तळहातावर चुना मळतो. हात धू म्हटलं तर म्हणतो, मास्तर, तू पट्टी लाव. कालपासून तो खोकतोय.

११ एप्रिल
मधल्या खोलीचा पत्रा खाली घेताना त्याचा कोपरा मोडला. प्लास्टिकवर ठेवला तेव्हा दादाचा मास्क खालीच होता, तोंडात तंबाखू होता. त्याला ठसका लागला. तो पत्र्यावर वाकून खोकत राहिला, थांबेचना. मला फक्त मोडलेला कोपरा दिसत होता. धूळ पसरू नये म्हणून त्याच्या तोंडाखालूनच प्लास्टिक ओढलं, घडी घातली आणि पट्टी मारली.

त्याच क्षणी खोकला थांबला. दादा माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, बरं झालं, थांबला एकदाचा.

१२ एप्रिल
दादा बरा दिसतो. खोकला अजिबात नाही. काम माझ्या दुप्पट करतो, दमत नाही. बोलत मात्र नाही. रागावला असेल. तंबाखूची पिशवी दगडावर तशीच पडली आहे.

१३ एप्रिल
टेकाडावर फोनला रेंज येते. सौम्यावहिनीचा फोन आला. तिला दादाशी बोलायचं होतं. मी फोन त्याच्या कानाला लावला. त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही. वहिनी हॅलो हॅलो करत राहिली. मी सांगितलं, घसा बसलाय.

दादाचं नाक कबड्डीत मोडलेलं आहे. झोपला की बारीक शीळ वाजते. लहानपणापासून त्या आवाजाशिवाय मला झोप येत नाही. दुपारी तो तंबूत शेजारी पडला होता. शीळ नव्हती. छातीकडे बघत बसलो. हलत नव्हती. डोळे उघडे होते आणि त्यानं माझ्याकडे बघून मान डोलावली.

१४ एप्रिल
चिंचेखाली रचलेले गठ्ठे फुगतात आणि बसतात. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, ओले पत्रे आहेत, उन्हानं वाफ होते, डोकं चालवू नको. बरोबर आहे. पण चिंचेखाली सावली आहे. आणि मोडक्या कोपऱ्याचा गठ्ठा बाकीच्यांपेक्षा हळू फुगतो. जवळ गेलो.

आत शीळ वाजते.

१५ एप्रिल
होडी आली. दादाला दवाखान्यात न्यायचं म्हणून हाताला धरून बसवलं. भावकू पाण्याकडे बघत होता. दादा बसला तरी होडी जराही दबली नाही. भावकूनं त्याच्या नाकापुढे बोट धरून बघितलं. मग म्हणाला, ह्याला उतरीव परशराम. मी हात जोडले. तो म्हणाला, तुला नेतो, ह्याला न्हाय. दादा आपणहून उतरला आणि मला होडीकडे ढकलू लागला.

मी गेलो नाही.

१६ एप्रिल
साहेबांचा फोन. बार्ज उद्या सकाळी. गठ्ठे थेट खड्ड्यात. एक ठेवा म्हटलं. शिव्या दिल्या.

दादाची बोटं राखाडी झाली आहेत. कातडीत बारीक रेघा, पत्र्यासारख्या. वाकताना कडकड होतं. पाणी दिलं ते ओठांतून तसंच बाहेर आलं.

सगळे गठ्ठे आता एका तालात—
नाही. एकच वेगळा आहे. अजून वेगळा आहे.

१७ एप्रिल
उजाडलंय. बार्ज दिसतोय.

दादाला गठ्ठ्याशी बसवलं. त्यानं नको नको म्हणून मान हलवली. मी माझा मास्क घट्ट केला. पट्टी कापतोय. माझीच पट्टी, लवकर निघत नाही—

पहिलं प्लास्टिक उघडलं. दुसरं—

खोकला. दादा खोकला. जमिनीवर पडून खोकतोय, छाती हलते आहे, देवा, हलते आहे. रडतोय. परशा म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, परशा, झाकून घे, तोंड झा—

मास्क आहे की. आहे तोंडावर. पण आत हवा हलत नाही.
दादा हाक मारतोय. ओ द्यायला तोंड उघडलं, आवाज निघत नाही
प्लास्टिक फुगतंय
मी हात वर करून दाखवतोय की मला