दरडोई पदक आणि दुसऱ्याची पोरगी

ता. पलूस, जि. सांगली

लोणंदचे मेहुणे विश्वजीतराव यांस सुभेदार (निवृत्त) लालासाहेबांचा कडक रामराम.

पाव्हणं, तुमची कंबर आता बरी असंल. इकडं आमी समदी मजेत. तुमची आक्का, म्हंजे आमची लीलाबाई, तुमची लय आठवण काढती (तुमी धाडलेला कांदा संपल्यापास्नं जास्तच). घोर एकच हाय. तुमची भाची संयोगिता सोमवारी सांगलीला जाणार का न्हाई.

झालं असं, की पारावर ऑलिम्पिकचा विषय निघाला. आप्पासो म्हणाला, पॅरिसला आपली सहा पदकं आली, लय झाली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, गड्या, डोमिनिका म्हणून एक बेट हाय, माणसं आपल्या पलूस तालुक्यापेक्षा कमी, आन त्यांच्या पोरीनं तिहेरी उडीत सोनं नेलं. आपुन एकशेचाळीस कोटी, सोनं एकबी न्हाई. माणशी वाटणी केली तर आपल्याएवढ्या साठ हजार गावांत मिळून एक पदक, म्हंजे गावाच्या वाट्याला त्याची फीतसुद्धा येत न्हाई. घरटी एक पोर मैदानात घाला, मग बघा. आप्पासोनं इचारलं, तुमच्या घरातनं कोण? मी छाती काढून सांगितलं, आमची संयोगिता गोळा फेकती, सांगलीत विश्रामबागेतल्या सराव शिबिराला निवडलीया, मी धाडणार.

तिथंच घोळ झाला. आमच्या गावात निवड म्हटलं की सत्कार आधी, कशाची निवड ते मागनं. दुसऱ्या दिवशी चौकात आप्पासोनं लावलेला फ्लेक्स: ‘ऑलिम्पिकसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. त्यात पोरगी टपालाच्या तिकिटाएवढी, आप्पासो गॉगल लावून पुरुषभर उंच. मंडळामागनं मंडळ आलं, फेटे बांधले, शाली घातल्या, नारळ दिले. पोरगी बिचारी सांगत हुती, आवं, मी अजून जिल्ह्यातबी तिसरी हाय. सरपंच म्हणाले, पोरीत विनय लय हाय, आन आणखी एक नारळ दिला. आमच्यात सकाळ-संध्याकाळ खोबऱ्याची चटणी चाललीया.

तवा तुमी येऊन आक्काला समजवा. आईचं काळीज, एकुलती लेक, सारखी डोळं पुसती. भावाचं ती ऐकती.

तुमचा,
लालासाहेब

ता. क. – लीलाबाईनं पत्र वाचलं आन माझ्यापुढं आपटलं. तिनं पोरीची बॅग कवाच भरलीया, वर लाडवाचा डबाबी ठेवलाय. डोळं पुसती ते माझ्या नावानं, असं लिवायला सांगितलंय.

ता. क. – आता ती सैपाकघरात गेलीया, म्हणून लिवतो. रडतोय तो मी. पोरगी चालायला लागली तवा मी सरहद्दीवर, फोटोत बघितलं. आता कुठं सकाळचा चहा तिच्यासंगं प्यायला मिळतोय. देशासाठी दुसऱ्याची पोरगी धाडायला मी कवाबी तयार हाय. तुमी रविवारीच या, पोरीला गाडीत बसवा आन मी आडवा आलो तर माझं काय ऐकू नका.