दोष टायरचा निघाला

चि. ताईस,

गाडी डावीकडे ओढते ती तुझ्या हातामुळे, हे माझे प्रतिपादन साफ चुकले. सकाळी स्वस्थ बसवेना, म्हणून पुढची दोन्ही चाके काढून डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे बसवले. तर गाडी उजवीकडे ओढू लागली. म्हणजे दोष टायरचा. तुझा हात सरळच होता.

दुकान उघडण्यापूर्वीच टायरवाल्याच्या दारात जाऊन उभा राहतो. दहाच्या आत परततो. अकराची लायसन्सची परीक्षा रद्द करू नकोस.

‘हिला या जन्मी जमायचे नाही’ असे मी आईला म्हणालो, ते तू ऐकलेस. ते वाक्य मागे घेतो. परीक्षेला जाताना गाडी तूच चालव. मी शेजारी बसेन, पण अवाक्षर काढणार नाही.

क्लच मात्र तू खरोखरच झटक्याने सोडतेस.

— बाबा