ठमी मशीनला का घाबरते

दादा,

मी आईला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात चाललेय. फोनवर सांगायचा धीर झाला नाही.

आठवडाभर ठमीमाऊ वॉशिंग मशीन दिसलं की शेपटी फुगवून पळत होती ना? म्हणून मी तिची वाटी रोज एकेक फरशी मशीनकडे सरकवत होते. आज ती अगदी मशीनला खेटून जेवली. मी खुशीत आईला हाक मारली, तर आई मटकन खालीच बसली. म्हणाली, “मीच तिला आत कोंबून मशीन लावलं होतं गं. कपड्यांच्या ढिगात झोपली होती, मला पांढरा टॉवेल वाटली.” पाणी भरायच्या आत ठमी ओरडली म्हणून वाचली. आईला डाव्या डोळ्याने महिनाभर काहीच दिसत नाहीये, दादा! आणि चुकीच्या काजात लावलेल्या बटणांवरून आपण दोघं तिला हसत होतो.

ठमीची वाटी तिथेच राहू दे. तिला उचलून मशीनपाशी नेऊ नकोस, तिची ती येईल. आईवर तर अजिबात चिडू नकोस. ती आली की तिच्या उजव्या बाजूला बस, म्हणजे तिला तू दिसशील.

छोटी